कुठेच धूसर नाही

"तुमचं मशीन म्हणजे कमाल आहे हो, मॅडम. कुठेच धूसर दिसत नाही," डॉक्टर हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये म्हणाला, आणि मी म्हणाले, "थँक यू." थँक यू! जीभ कशी झडली नाही माझी. तो आपला सफरचंद खात उभा. दोन तपासण्यांच्या मध्ये त्याला जेवायला वेळ मिळत नाही म्हणून लिफ्टमध्ये खातो, हे मला माहीत आहे. माणूस चांगला आहे, पेशंटशी नीट बोलतो, हात हलका आहे. तरी त्या क्षणी वाटलं, ते सफरचंद हिसकावून घ्यावं आणि लिफ्टच्या आरशावर फेकून मारावं. माझ्या काखेत लिफाफा होता. लिफाफ्यात माझ्या भावाचा रिपोर्ट होता आणि एक पेनड्राइव्ह. चौदा महिन्यांपूर्वी याच डॉक्टरनं, याच इमारतीत, मी बनवलेल्या दुर्बिणीनं दादाचं मोठं आतडं तपासलं होतं आणि खाली लिहिलं होतं, सर्व काही ठीक, पाच वर्षांनी पुन्हा दाखवा. आता त्याच आतड्यात गाठ आहे. चपटी, अंगठ्याच्या पेराएवढी. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवसाला बारा माणसं बघतो तो, चौदा महिन्यांपूर्वीचं कुणाचं आतडं त्याच्या लक्षात राहणार? तळमजला आला. त्यानं दार धरून मला आधी उतरू दिलं. सभ्य माणूस, मेला.

बाहेर रस्त्यावर दुपारचं ऊन होतं आणि सगळं लख्ख दिसत होतं. समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं, त्यामागच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, त्याहून मागे टाकीच्या शिडीची एकेक पायरी. मला त्या लख्खपणाचाही राग आला. आमच्या दुर्बिणींच्या कारखान्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालत जावं लागतं आणि मी चालत निघाले, कारण टॅक्सीत बसले असते तर ड्रायव्हरशी भांडले असते. आज मंगळवार. साहेबांच्या टेबलावर नव्या मॉडेलचे कागद माझ्या सहीसाठी थांबले होते, चार वाजेपर्यंत सही हवी होती. पण सहीआधी मला एकच गोष्ट बघायची होती. त्या पेनड्राइव्हवर दादाच्या जुन्या तपासणीचं रेकॉर्डिंग होतं. चूक डॉक्टरची निघावी, अशी देवाजवळ प्रार्थना करत मी चालले होते. देवाला मी एरवी मानत नाही. पण गरज पडली की मी किती हलकट होते ते मला त्या पंचवीस मिनिटांत कळलं. डॉक्टरनं घाई केली असू दे, फोनवर बोलत असू दे, त्या वळणावर त्याला शिंक आली असू दे. काहीही असू दे, पण ते माझं नसू दे.

दुर्बिणीच्या टोकावरचं भिंग मिरीच्या दाण्यापेक्षा लहान असतं. त्याची एक खोड आहे. जवळचं स्पष्ट धरलं की लांबचं पुसट होतं आणि लांबचं धरलं की जवळचं. आतडं काही तुमच्यासाठी सरळ ताणून उभं राहत नाही. घडी एकदम अंगावर येते, पुढचं वळण लांब असतं, आणि डॉक्टरला दोन्ही एकाच वेळी बघायचं असतं. स्पष्ट दिसण्याचा तो पट्टा रुंद करायचा, एवढ्याच कामात माझी एकोणीस वर्षं गेली. लग्न मोडलं ते यामुळे नाही, पण नवरा तसं सांगत फिरतो आणि मी त्याला फिरू देते. ही हौस मला लागली दादाच्या दुकानात. दादा रफूवाला. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, आणि त्याच्या टेबलाखाली बसून मी लहानपण काढलं. टेबलावर त्याचं स्टँडचं भिंग असायचं, ताटलीएवढं. तो जेवायला आत गेला की मी त्याखाली बोट धरायची, बोटावरच्या रेषा बघायची, आणि बोट जरा वर नेलं की सगळं विरघळायचं. मला भयंकर राग यायचा. एकदा मी त्या भिंगाला चापट मारली. दादा दारातून म्हणाला, "ठिणगे, ते मुद्दाम नाही करत." ठिणगी हे माझं नाव त्यानं तेव्हापासून पाडलेलं. घरात अजून तेच चालतं. वहिनीसुद्धा "ठिणगीवन्सं" म्हणते, आणि मी त्रेपन्न वर्षांची आहे.

रफू म्हणजे काय, ते लोकांना वाटतं शिवण. शिवण नव्हे. कोटाला सिगारेटचं भोक पडलं की दादा कोट उलटा करायचा, आतल्या शिलाईत दडलेल्या कापडातून एकेक धागा ओढून काढायचा आणि तोच धागा भोकावर उभाआडवा विणायचा. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, त्याच्याच अंगातला धागा. झाल्यावर भोक कुठं होतं ते आईची शपथ घेऊनही सांगता यायचं नाही. एकदा एक गृहस्थ आले, मोठे कुणीतरी, बोटात अंगठी. दादानं कोट त्यांच्या हातात दिला, लगेच परत घेतला, उलटा केला आणि आतली बाजू दाखवली. तिथं पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक टाका होता. "इथं आहे बघा. इस्त्री जपून." गृहस्थ वैतागले. "अहो, मला दाखवलं नसतं तर कळलंही नसतं. आता प्रत्येक वेळी माझं लक्ष तिकडंच जाणार." दादाचं टाळकं सरकलं. आमच्या घरात टाळकं सरकणं वडिलांकडून आलंय, दोघांच्याही वाट्याला सारखंच. "कोट तुमचा आहे," तो म्हणाला, "भोकही तुमचंच आहे. जगाला नका सांगू, पण तुम्हाला माहीत नको?" गिऱ्हाईक परत आलं नाही. दादानं पांढरा टाका घालणं सोडलं नाही. मी टेबलाखालून हे सगळं पाहिलं होतं आणि मला दादा जरा मूर्ख वाटला होता. खरं तेच लिहायचं तर वाटला होता.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं सलाम केला, मी मान हलवली. चाचणीच्या खोलीत कुणी नव्हतं. ती खोली माझी, गेली अकरा वर्षं. खिडकीला काळा पडदा, मधोमध लांब रूळ, रुळावर पुढेमागे सरकणारी पट्टी, पट्टीवर काळ्या चौकोनांचं कार्ड. एका टोकाला दुर्बीण घट्ट बसवायची आणि कार्ड अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं लांब न्यायचं. चौकोन स्पष्ट दिसेपर्यंत स्पष्ट, दिसेनासे झाले की संपलं. मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर दादाचं आतडं उजळलं. गुलाबी, ओलं, घड्यांमागून घड्या, त्यावर लालसर रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. आपल्याच भावाच्या आत मी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. सुंदर दिसत होतं, आणि मला अभिमान वाटला. पहिली दोन मिनिटं मला निव्वळ अभिमान वाटला, की बघा, काय स्पष्ट आहे, कडेपासून कडेपर्यंत. एवढी मी बेशरम आहे.

दादाची गाठ शोधणाऱ्या सर्जननं सांगितलेली जागा सातव्या मिनिटाला आली. एक घडी डावीकडून एकदम टोकाजवळ येते, दोन सेकंद राहते, आणि डॉक्टर पुढे जातो. घाई नाही. फोन नाही. शिंक नाही. घडी गुळगुळीत, गुलाबी, जाळी शेजारच्यासारखीच. मी पाच वेळा मागे घेऊन पाहिलं. मी डॉक्टर असते तर मीही पुढे गेले असते. मग मी ते केलं जे या इमारतीत फक्त मला आणि आणखी दोघांनाच करता येतं. भरणी, म्हणजे पुसट जागा आपोआप भरून काढणारा मशीनमधला भाग, बंद केली आणि तीच दोन सेकंद पुन्हा चालवली. डाव्या बाजूला करडा डाग आला. पाण्याचा शिंतोडा पडून शाई पसरावी तसा. गाठ दिसली नाही. नीट ऐका, गाठ दिसली नाही. दिसली असती तर बरं झालं असतं, मी रडले तरी असते. तिथं काहीच दिसत नव्हतं. घडी इतकी जवळ होती की जवळच्या आणि लांबच्या अशा माझ्या दोन भिंगांपैकी एकालाही ती पकडता आली नव्हती. मशीनला ठाऊक नव्हतं तिथं काय आहे. आणि ठाऊक नाही म्हणायच्या ऐवजी त्यानं शेजारची निरोगी कातडी उचलून तिथं विणली होती.

हे त्याला मी शिकवलं. दुसऱ्या कुणी नाही. आमची दुर्बीण एकाच वेळी दोन चित्रं घेते, एक जवळचं, एक लांबचं, आणि ज्या तुकड्यात जे स्पष्ट ते निवडून दोन्हींचं मिळून एक चित्र करते. त्यानं पट्टा दुप्पट रुंद झाला, तोपर्यंत सगळं ठीक होतं, प्रामाणिक होतं. पण जिथं दोन्ही पुसट, तिथं कडेला करडा डाग यायचा, आणि डॉक्टर मंडळी प्रात्यक्षिकाला आली की बोट त्याच डागावर ठेवायची. हे काय? हे घाण दिसतं. साहेब म्हणाले, हे घालवा. इतर सगळे डोकं खाजवत बसले आणि मी एका दुपारी दादाकडे चहा पीत असताना मला सुचलं. शिलाईतला धागा! त्याच चित्रातला, त्याच रंगाचा, त्याच्याच अंगातला. दोन महिन्यांत मी ते करून दाखवलं. डाग गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, साहेबांनी माझ्या तोंडात केकचा तुकडा कोंबला आणि फोटो काढला. मी केकचं खोकं घेऊन तशीच दादाकडे गेले. "दादा, तुझं रफू मी मशीनला शिकवलं!" तो हसला. वहिनीला हाक मारून सांगितलं. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगायचा, आमची ठिणगी माझं काम आतड्यात करते. लोकांना काही कळायचं नाही, पण तो सांगायचा. आणि मी त्याला एक गोष्ट विचारली नाही. त्यानंही मला विचारलं नाही, कारण त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल की असं कुणी करेल. पांढरा टाका मी घातलाच नव्हता.

कार्ड अजून पट्टीवर होतं. मी ते काढून हातात घेतलं आणि दिवा लावला. पांढऱ्या कार्डावर काळे चौकोन, एका आकाराचे, एका अंतराचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. याच कार्डावर मी भरणीची चाचणी घेतली होती, सहा महिने, हजारो वेळा, आणि निकाल शंभर टक्के. कार्ड जवळ आणलं, चित्र पुसट झालं, मशीननं शेजारचा चौकोन उचलून तिथं ठेवला, आणि तो तंतोतंत बरोबर निघाला. निघणारच! अगं बाई, निघणारच, सगळे चौकोन एकसारखेच आहेत! शेजाऱ्याचं उचलून कुठंही लावा, या कार्डावर ते कधीच चुकणार नाही. ते चुकेल फक्त तिथं, जिथं एखादी जागा शेजारपेक्षा वेगळी आहे. आणि रोग म्हणजे दुसरं काय असतं? शेजारपेक्षा वेगळी जागा. एकोणीस वर्षं या धंद्यात घातलेली बाई मी, आणि हे मला एका कार्डाकडे बघून कळायला भावाच्या पोटात गाठ यावी लागली. मी ते कार्ड फाडायला गेले. ते जाड प्लास्टिकचं असतं, फाटत नाही. वाकवलं तर परत सरळ होतं. मी ते जमिनीवर टाकून त्यावर उभी राहिले, एक बाई रिकाम्या खोलीत कार्डावर उभी, आणि मग उचलून पर्समध्ये घातलं.

आणि मग आठवली ती विजार. मला सगळ्यात संताप या आठवणीचा येतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. सहा महिन्यांपूर्वी दादा आपल्याच विजारीची कंबर आत घेत बसला होता. मी म्हटलं, "काय रे, बारीक झालास?" तो म्हणाला, "तुझ्या वहिनीनं धुऊन धुऊन सैल केलीय." दोन महिन्यांनी पुन्हा तीच विजार त्याच्या मांडीवर, पुन्हा कंबर आत. या वेळी मी काही विचारलं नाही आणि तो काही बोलला नाही. माझ्या डोक्यात पक्कं होतं की त्याला काही नाही, आमच्या मशीनवर पाहिलंय, सर्व काही ठीक. त्याला तपासणीला मीच ढकललं होतं. आमचे वडील याच रोगानं गेले, म्हणून साठी ओलांडल्यावर मी त्याच्या मागे लागले. तो म्हणत होता, "माझं आतडं तुझ्या कंपनीनं कशाला बघायचं? त्याची काही तक्रार नाही." मी म्हटलं, "दुसरीकडे कुठं जाऊ नकोस, आमच्याच मशीनवर कर, तिथं काही सुटत नाही." काही सुटत नाही. मीच म्हणाले हे, याच तोंडानं. पुढे रक्त दिसायला लागल्यावर वहिनीनं मला न विचारता त्याला त्याच हॉस्पिटलात नेलं, तर त्या दिवशी आमचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. सर्जननं वरच्या मजल्यावरच्या जुन्या दुर्बिणीनं तपासलं, पंधरा वर्षांची खटारा, अर्धं चित्र पुसट. "काही दिसेना, म्हणून परत परत मागे येऊन बघावं लागलं," सर्जन मला म्हणाला, जरा तक्रारीच्या सुरात. त्या मागे येण्यात गाठ सापडली.

साहेबांच्या खोलीत मी दार न वाजवता गेले. ते कागद पुढे सरकवत म्हणाले, "या, या. तुमचीच वाट बघतोय." मी उभ्यानंच सगळं सांगितलं, भावाचं, सातव्या मिनिटाचं, कार्डाचं. साहेब वाईट माणूस नाहीत. हे एक मोठंच दुःख आहे, की या सगळ्या प्रकरणात मला एक धड वाईट माणूस मिळत नाही. त्यांनी चष्मा काढला, खरंच हळहळले, म्हणाले, "भावाचं ऐकून वाईट वाटलं. काही लागलं तर सांगा." मग म्हणाले, "पण मॅडम, एका केसवरून असं..."

"एका नाही. एक आपल्याला कळली."

"डॉक्टरांना डाग नको आहे. तुम्हाला माहीत आहे. डाग परत आणला तर तीनशे बारा हॉस्पिटलं उद्या फोन करतील."

"करू देत! डाग बघून डॉक्टर मागे आला असता, साहेब. डाग म्हणजे, इथं मला दिसत नाही, परत बघ, एवढंच म्हणत होता तो. आपण त्याचं तोंड दाबलं."

"आपण?" साहेब फार हळू म्हणाले. "भरणी तुमची कल्पना होती. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चाचणीवर सही तुमची आहे. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, शांत डोक्यानं विचार करा. पुढच्या आवृत्तीत बघू. आज फक्त यावर सही करा, 'भरणी: बदल नाही'."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं बोलत होते. खोटं बोलले असते तर मी त्यांची मुंडी पिरगाळली असती. मी पेन उचललं. हो, उचललं, आणि दोन सेकंद ते कागदावर धरलं. सातव्या मिनिटाच्या त्या दोन सेकंदांएवढीच. नोकरी, पेन्शन, खोलीवरचं माझं नाव, सगळं त्या दोन सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि सगळं स्वच्छ दिसलं. मग मी पेन ठेवलं. म्हणाले, "सही करत नाही." साहेब म्हणाले, "मग दुसरा कुणी करेल." मी म्हणाले, "करू दे." आणि बाहेर आले. यात शौर्य काही नाही. सही न करणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढंच होतं, आणि त्यासाठी मला दोन जिने चढून दादाकडे जायचं होतं.

दार वहिनीनं उघडलं. "आलात? रिपोर्ट मिळाला?" मी हो म्हटलं. दादा खिडकीशी त्याच्या टेबलावर बसला होता, समोर कुणाचातरी राखाडी कोट, भिंगाखाली बाही. दुकान बंद केल्यापासून काम घरी आणतो. मान बारीक झालेली, कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा. "ठिणगे, बस. एवढा टाका होऊ दे." मी बसले नाही. बसले असते तर सांगितलं नसतं. उभ्यानं सांगितलं, जसं साहेबांना सांगितलं तसंच, फक्त इथं आवाज फाटत होता. घडी जवळ आली, मशीनला दिसलं नाही, मशीननं शेजारचं उचलून तिथं विणलं, डॉक्टरला कळलं नाही, आणि विणायला शिकवलं मी. दादाची सुई थांबली. वहिनी दारात उभी होती, हातात पाण्याचा पेला, तो तिनं मला दिलाही नाही आणि खालीही ठेवला नाही.

"म्हणजे तेव्हा होती?" वहिनी म्हणाली. "चौदा महिने आधी?"

"असावी. नक्की नाही सांगता येत. तिथं काही दिसतच नाही."

"तेव्हा सापडली असती तर?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा ती वाटाण्याएवढी असती, दुर्बिणीतूनच खुडून काढली असती, आणि हा माणूस संध्याकाळी घरी येऊन जेवला असता. वहिनी आत गेली. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज झाला. मला वाटलं दादा विचारेल, मी वाचेन का. किंवा म्हणेल, जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस. त्याचीच मला जास्त भीती होती, कारण तसं म्हणाला असता तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवून मोकळी झाले असते.

"खूण?" दादा म्हणाला.

"काय?"

"विणलं ते विणलं. खूण कुठं घातलीस? डॉक्टरला कळायला?"

"नाही घातली."

"का?"

"त्यांना आवडलं नसतं. डाग नको होता त्यांना. खूणसुद्धा डागच की."

तो उठला. उठताना एका हातानं विजार कंबरेशी धरली, आणि त्याचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "माझं रफू म्हणून सांगितलंस मला! मी जगाला सांगत फिरलो! चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या त्या एका पांढऱ्या टाक्यापायी, आणि तू तेवढाच सोडून बाकीचं सगळं उचललंस? टेबलाखाली बसून काय बघत होतीस गं तू?" मी म्हटलं, "दादा, ओरडू नकोस, तुला त्रास होईल." "गप्प बस! पोट माझं आहे!" त्याच्या तोंडून थुंकी उडाली. लहानपणी त्यानं कधी माझ्यावर हात उगारला नाही, आज उगारला, आणि तसाच हवेत धरून तो खुर्चीत बसला. धापा टाकत होता. मग त्यानं विचारलं, "किती मशीनं आहेत अशी?"

"तीनशे बारा."

"आत्ता चालू आहेत?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. "बहुतेक."

"मग इथं काय करतेस?"

"मी सही नाही केली, दादा. मी साहेबांना सांगितलं..."

"साहेब आतड्यात दुर्बीण घालतो का?" तो म्हणाला. "जो घालतो त्याला फोन लाव. माझ्यासमोर."

नंबर माझ्याकडे होता. गेली दोन वर्षं तो डॉक्टर मला सणासुदीला मेसेज पाठवतो. मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण दादानं बोटानं तशी खूण केली. चार वेळा वाजला. "बोला मॅडम!" तोच आवाज, प्रसन्न, मागे मशीनची ती बारीक पिंपिं, जी मी झोपेतही ओळखेन. "जरा घाईत आहे हं, अजून दोघं राहिलेत आज. एकाला आत्ताच झोपेचं इंजेक्शन देतायत."

"देऊ नका," मी म्हणाले.

"अं?"

"थांबवा. त्या दोघांना आमची दुर्बीण लावू नका. जुनी लावा, वरच्या मजल्यावरची."

"ती? अहो, तिच्यात अर्धं धूसर दिसतं!"

"डॉक्टर, आमच्या मशीनलाही तिथं धूसरच दिसतं. आम्ही ते झाकतो. जिथं दिसत नाही तिथं शेजारचं चित्र चिकटवतो आणि तुम्हाला सांगत नाही. ते मी केलंय. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही माझ्या भावाला 'सर्व ठीक' लिहून दिलंत. तुमची चूक नव्हती. त्याच्या आत जे तुम्ही पाहिलंत ते मी विणलेलं होतं."

पलीकडे पिंपिं चालूच होती. मग डॉक्टर कुणालातरी म्हणाला, "थांबा जरा." पिंपिं बंद झाली. "मॅडम," तो म्हणाला, आणि आता आवाज प्रसन्न नव्हता, "गेल्या दोन वर्षांत मी या मशीनवर पाच-सहा हजार लोकांना घरी पाठवलंय. काय बोलताय तुम्ही?" मी म्हणाले, "रेकॉर्डिंगं आहेत ना तुमच्याकडे? मी येते. एकेक उघडून भरणी काढून दाखवते, कुठं कुठं विणलंय ते." त्यानं शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. त्यानं फक्त फोन ठेवला, आणि मला वाटतं तो तिथंच उभा राहिला असेल, हातमोजे घातलेले हात वर धरून.

दादानं कोटाची बाही पुन्हा भिंगाखाली ओढली. सुई सापडत नव्हती, ती खाली पडली होती. मी वाकून शोधली, टेबलाखाली, आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "गुरुवारी मी सकाळी सहालाच येते. वहिनीला एकटीला जमायचं नाही."

"गुरुवारी येऊ नकोस," दादा म्हणाला.

"दादा, रागाव, पण असं नको ना रे."

"राग आहेच. तो काही गुरुवारपर्यंत जायचा नाही." त्यानं दोरा तोंडात ओला केला, सुईच्या नेढ्याशी नेला, चुकला, परत नेला. "मी तिथं झोपलेला असणार, मला काय कळतंय कोण आलं आणि कोण नाही. तीनशे अकरा राहिलीत. जा."